आदर्श मंगळवार

दैनंदिन कार्यस्वावलंबन मापक बसवायला आलेल्या अधिकाऱ्याला त्या मापकाचं खोकं काही उघडता येईना.

निनाद वाघचौरे त्याचं नाव. वय पंचविशीच्या आसपास, शर्टाला कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र. आधी त्यानं नखं लावून पाहिली, मग गाडीची किल्ली, मग इकडेतिकडे बघून दात. शेवटी शरयूनंच समोरच्या चिलवेरी काकूंना हाक मारली. काकू आल्या, पिशवीतून अडकित्ता काढला आणि सुपारी फोडावी तसं खोकं फोडून मोकळ्या झाल्या.

"दुसऱ्याची मदत लागली की तुला," काकू म्हणाल्या. "ह्याचे किती गुण कापणार?"

"माझं मूल्यमापन वेगळा विभाग करतो," वाघचौरे म्हणाला. तो हसला नाही. त्याला विनोद कळला नव्हता असं नाही, त्या विभागाचीच त्याला भीती वाटत असावी.

शरयूला तर सगळ्याचीच भीती वाटत होती. शरयू माळवदकर, वय एकोणतीस, सोलापूरच्या एका चादर कारखान्यासाठी घरबसल्या नक्षी काढायची. मोर, कमळ, हत्ती आणि गिऱ्हाईक आग्रही असेल तर ताजमहाल. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहत होती. त्या दोन खोल्यांत ह्यापुढेही राहता येईल का, एवढाच प्रश्न होता. उत्तर त्या खोक्यात होतं.

शरयूला जो आजार होता तो लाखात एखाद्याला होतो. आपण डाळ खातो, अंडं खातो, दाणे खातो. त्यातल्या प्रथिनांचं जे काही करायचं ते शरीर करतं आणि उरलेल्या नत्राचा अमोनिया होतो. मोरी धुवायच्या औषधाला नाक झोंबवणारा वास येतो ना, तोच हा अमोनिया. चांगलं यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर घालवतं. शरयूच्या यकृतात ह्या कामाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, चार आण्यांइतकंच चालायचं. बाकीचा अमोनिया रक्तात फिरत फिरत मेंदूत जाऊन बसायचा. म्हणून डाळ बंद, पनीर बंद, सोलापुरात जन्मून शेंगाचटणी बंद. साबुदाणा, बटाटा, रताळं, भोपळा, वर दिवसातून तीन वेळा औषध. बाराही महिने उपवासाचं खाणं. पण खरा उपास मात्र एक दिवसही करायचा नाही. पोट रिकामं राहिलं किंवा ताप आला, की शरीर स्वतःचंच मांस चुलीत घालतं, आणि त्याचाही अमोनियाच होतो.

ह्या आजाराची वाईट खोड अशी की तो दुखत नाही. अमोनिया वाढतो तेव्हा माणूस आधी जरा मंद होतो, मग जरा वेगळा. आपण वेगळे झालोय हे ज्या मेंदूला कळायचं, तोच वेगळा झालेला असतो. घर जळत असताना राखणदारच झोपावा, तसं.

पूर्वी असा रोगी किती स्वावलंबी आहे ते प्रश्नावलीनं ठरायचं. 'स्वतः आंघोळ करता का?' मग मदत हवी असलेल्या आया 'नाही' लिहायच्या आणि लग्न ठरायचं असलेल्या मुली 'हो'. म्हणून यंत्र आलं. छतावर चिकटवलेली एक पांढरी थाळी आणि मनगटात एक कडं. थाळीतून रेडिओलहरी निघायच्या, माणसावर आपटून परत यायच्या, आणि चहा करणं, केस विंचरणं, औषध घेणं, दार उघडणं अशी एकवीस कामं यंत्र त्यातून ओळखायचं. मोजायचं दोनच गोष्टी. माणूस किती वेळा अडखळला, आणि कामात दुसऱ्याचा हात किती होता. कडं बाहेरचं मोजायचं, आणि कोणाला मदतीची हाक मारली तर तेही ऐकायचं.

"मदत मागितली की उणे दोन," वाघचौरेनं वाचून दाखवलं. "रुग्णवाहिका बोलावली की उणे सहा. अठ्ठावीस दिवसांची सरासरी ऐंशीच्या वर आली तर पुढची दोन वर्षं स्वतःच्या घरी. खाली आली तर सांभाळगृह."

"आणि तो अमोनिया का काय, तो मोजतं का हे?" काकूंनी विचारलं.

"नाही. ते रोगमापन. हे कार्यमापन."

"म्हणजे पोरगी मरायलीय की जगायलीय ते ह्याला कळणार नाही."

"मरताना ती किती स्वावलंबी आहे ते कळेल," वाघचौरे प्रामाणिकपणे म्हणाला.

ह्या मोजमापाचा कायदा दयेपोटी आला होता. एकटे राहणारे काही रोगी घरातच मरून पडलेले सापडले, वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली, सरकारला पाझर फुटला. दयेपोटी आलेली गोष्ट परत पाठवता येत नाही. शरयूनं अक्कलकोट रस्त्यावरचं सांभाळगृह आत जाऊन पाहिलं होतं. स्वच्छ होतं. फिनेलचा वास, पलंगांना नंबर, सात वाजता दारं बंद. तिच्याच वयाची एक मुलगी खुर्चीत बसली होती आणि सेविका तिची वेणी घालत होती.

"तुला घालता येत नाही?" शरयूनं हळूच विचारलं होतं.

"येते की," मुलगी म्हणाली. "आधी घालायचे. मग ह्यांना वेळेत उरकत नाही म्हणून ह्याच घालायला लागल्या. आता आठवावं लागतं."

त्या दिवसापासून शरयू रोज सकाळी वेणी घालून झाली की सोडायची आणि पुन्हा घालायची.

काकूंनी पहिल्याच दिवशी यंत्राला 'जावईबापू' नाव ठेवलं. घरात येऊन बसलाय, काडीचं काम करत नाही, आणि सगळ्यांनी त्याच्यासमोर नीट वागायचं.

जावयानं पहिल्या आठवड्याला चौसष्ट गुण दिले.

कारण काकू. त्या दिवसातून दहा-अकरा वेळा यायच्या. बरणीचं झाकण फिरवून द्यायच्या, शरयूचं कुंकू सरळ करायच्या. शरयूनं सहज विचारलं, "काकू, मीठ कमी झालंय का हो?" की संध्याकाळच्या अहवालात 'निर्णयासाठी परावलंबन' अशी ओळ यायची. खरं म्हणजे मदत काकूंनाच लागायची. काका गेल्यापासून त्यांना बोलायला कोणी नव्हतं. पण थाळीला एवढंच दिसायचं, की एका बाईच्या घरात दुसरी बाई हात चालवतेय.

"काकू, तीन आठवडे येऊ नका," शरयूनं त्यांच्या दारात उभं राहून सांगितलं.

"मी काय गोवर आहे?"

"काकू, ते मला घेऊन जातील."

काकूंनी वाद घातला नाही. ही दुर्मिळ गोष्ट होती. मग म्हणाल्या, "आणि वाटी?"

वाटी म्हणजे स्टीलची, काठावर 'वि. ना. चिलवेरी, १९९४' असं कोरलेली. अकरा वर्षं ती ह्या दारातून त्या दारात ये-जा करत होती. काकू तिच्यातून बिनदाण्याची साबुदाणा खिचडी पाठवायच्या. बिनदाण्याची खिचडी करणं हा त्यांच्या मते गुन्हा होता आणि तो त्या आठवड्यातून तीनदा करायच्या. शरयूकडून वाटी कधी रिकामी परत जायची नाही. चार खडीसाखरेचे खडे, लिंबू, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. आई सांगायची, भांडं रिकामं परत गेलं तर घरातलं काहीतरी त्याच्यासोबत जातं.

वाटी उंबऱ्याबाहेर ठेवून बघितली. यंत्रानं थोडा विचार केला आणि नोंदलं, 'पार्सल मिळाले.' शून्य गुण. पार्सल घेणं म्हणजे मदत नव्हे.

तीन आठवडे मग दोन दारांमध्ये फक्त वाटी बोलत होती. शरयू न अडखळता चहा करायची, न अडखळता भांडी घासायची, विचारात पडायचं असलं तर न्हाणीघरात जाऊन पडायची, कारण आंघोळीला यंत्र आठ मिनिटं द्यायचं. अंक वर सरकत राहिला. पंचविसाव्या दिवशी, रविवारी, एकोणऐंशी पूर्णांक चार.

आणि त्याच रविवारी तिला ताप आला.

तापात काय करायचं ते तिला लहानपणापासून पाठ होतं. घरात थांबायचं नाही, इस्पितळात जाऊन साखरेचं सलाईन लावून घ्यायचं. तिनं फोन हातात घेतला. रुग्णवाहिका, उणे सहा. फोन ठेवला. रिक्षा करून जावं तर जिना उतरताना कोणाचा तरी हात धरावा लागला असता. तिनं तापाची गोळी घेतली, साखरपाणी प्यायली आणि ठरवलं, उद्या बघू. सोमवारी तिनं पुन्हा तेच ठरवलं. सोमवारची खिचडी तिनं जेमतेम दोन घास खाल्ली.

मंगळवारी उठली ती एकदम हलकी.

ताप आहे की नाही ह्याचा विचार मनात आलाच नाही. कसलाच आला नाही. खोलीत छान शांतता होती, गादीत कापूस भरावा तशी डोक्यात भरलेली. तिनं पाणी उकळलं, गाळलं, कपात ओतलं आणि प्यायली. वेणी घातली. सोडली नाही, कारण सोडायची कशासाठी ते आठवलं नाही. कामाला बसली. चादरीवर चाळीस मोर काढायचे होते, तिनं एकापाठोपाठ एक चाळीस मोर काढले. पाठ दुखली नाही, खिडकीबाहेर बघितलं नाही. खिचडीची वाटी केरात उपडी केली, घासून लख्ख केली, काकूंच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली आणि परत येऊन खुर्चीत सरळ बसली. हात मांडीवर. समोर भिंत होती. भिंत चांगली होती.

भीती वाटली नाही. नंतर तिला ह्याच गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटली.

पुढची गोष्ट इस्पितळातली. तिला दोन दिवसांनी नीट शुद्ध आली तेव्हा काकू शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या.

"अमोनिया तीनशे दहा," काकू म्हणाल्या. "पन्नासच्या आत पाहिजे म्हणे. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर."

"कळलं कसं तुम्हाला?"

"वाटी बघितली. स्वच्छ. उलटी केली, आपटली, काही पडलं नाही. म्हटलं, पोरगी एक तर रागावलीय नाहीतर मरायलीय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "रागावली असतीस तर वाटी परतच दिली नसतीस."

शरयूला रडू यायला लागलं. काकूंनी तिचे डोळे पुसले. कडं घरी काढून ठेवलेलं होतं, म्हणून त्याचे गुण गेले नाहीत.

घरी परतल्यावर तिनं पहिल्यांदा मंगळवारचे मोर उघडून पाहिले. रेषा सुरेख होत्या. पिसारे एकसारखे होते. चाळीस मोरांपैकी एकालाही डोळा नव्हता.

संध्याकाळी वाघचौरे प्रमाणपत्र घेऊन आला. चेहऱ्यावर पहिल्यांदाच आनंद होता.

"अभिनंदन. ऐंशी पूर्णांक एक. सगळी करामत मंगळवारची. अठ्ठ्याण्णव गुण, ताई. जिल्ह्यात आजवर कोणाला पडले नाहीत. एकही अडखळ नाही. चहा चार मिनिटं दहा सेकंदांत."

"त्यात चहापूड नव्हती."

"पूड यंत्र मोजत नाही."

"वाघचौरे, मंगळवारी मी मरत होते."

त्यानं कागदांकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला, "पण फार छान."

"आणि मला उचलून नेलं ते?"

"तुम्ही मदत मागितली नाहीत. ती आली. आपणहून आलेल्या रुग्णवाहिकेचे गुण कापत नाहीत." मग त्यानं आवाज खाली आणला, छताकडे एकदा बघितलं. "ताई, हरकत घेता येते. मंगळवार रद्द होईल. मग एकोणऐंशी पूर्णांक चार, आणि शुक्रवारी सांभाळगृहाची गाडी. मी काही सुचवत नाही. मला सुचवायची परवानगी नाही."

शरयूनं प्रमाणपत्रावर सही केली. सही करताना हात अडखळला. थाळीत एक बारीक दिवा लागून विझला.

"आता एकच," वाघचौरे निघताना म्हणाला. "यंत्र दोन वर्षं इथंच राहील. तुमचा सर्वोत्तम दिवस त्यानं आदर्श म्हणून ठेवून घेतलाय. रोज त्याच्याशी तुलना करून ते तुम्हाला सुधारायला मदत करेल. सरासरी ऐंशीखाली गेली तर मात्र गाडी येते."

त्याच संध्याकाळी छतातून बाईचा गोड आवाज आला. "आज आपण आदर्श दिवसापासून एकोणीस गुणांनी दूर आहात. काम करताना खिडकीबाहेर पाहणे टाळा."

दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, गुणगुणणे टाळा. तिसऱ्या दिवशी, वेणी एकदाच घाला. यंत्र तिला रोज थोडं थोडं त्या मंगळवारात परत बोलावत होतं, आणि त्यात दुष्टावा काहीच नव्हता. तिचं भलंच व्हावं असं त्याला वाटत होतं. महिन्याभरात तिला समजेना, की आज मन शांत आहे ते बरं वाटतंय म्हणून, की पुन्हा सुरुवात झालीय म्हणून. सुखाचा एक क्षण आला की ती धावत जाऊन मोर काढायची. डोळा काढला गेला की मग श्वास घ्यायची.

काकूंनी तोड काढली. जिन्यात गाठून, कड्यावर पदर दाबून त्या म्हणाल्या, "रोज नऊच्या आत वाटी तू पाठवायची. बाराच्या आत मी परत पाठवणार. आत काहीही चालेल, रिकामी नको. माझ्याकडे रिकामी आली की मी अँब्युलन्स बोलावणार. आपणहून."

"आणि तुमच्याकडून रिकामी आली तर?"

"मला काय झालंय? अडुसष्टाची आहे, घोडी आहे."

मग वाटी रोज फिरू लागली. शरयूकडून रताळ्याचा काप, तुळशीचं पान, एकदा तुटलेलं बटण. काकूंकडून सेफ्टी पिन, कढीलिंब, गॅसच्या पावतीची होडी. एकदा एकच शेंगदाणा, चिठ्ठीसकट. 'बघण्यासाठी. खाल्लास तर याद राख.' यंत्र इमानानं लिहीत होतं, पार्सल गेले, पार्सल मिळाले. जिल्ह्यातलं सगळ्यात अचूक मापन त्याच्या नाकाखालून ये-जा करत होतं आणि त्याची किंमत शून्य गुण होती.

असे सात आठवडे गेले. अंक ऐंशी पूर्णांक सहा.

एका गुरुवारी साडेअकराला दाराबाहेर स्टीलचा आवाज झाला. शरयूनं दार उघडलं. वाटी उंबऱ्यावर होती. घासलेली, लख्ख. तळाशी छतावरच्या दिव्याचा गोल दिसत होता.

"पार्सल मिळाले," आवाज म्हणाला.

तिनं वाटी उलटी केली. आपटली. मग तिला भीती वाटली, पण ती काकूंसाठी नव्हती. वाटीत काहीतरी असेल आणि मलाच दिसत नसेल तर? ती टेबलाशी गेली, कागदावर मोर काढला. पिसारा वेडावाकडा आला, शेवटी तिनं टोक टेकवलं आणि डोळा काढला. डोळा तिच्याकडे बघत होता.

म्हणजे मी नाही.

ती अनवाणी समोर धावली. काकूंचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत मिक्सर चालू होता, चटणीचा नव्हे, रिकाम्या भांड्याचा, कानात सुई घालावी तसा. काकू ओट्याला टेकून फरशीवर बसल्या होत्या. एक हात मांडीवर, दुसरा कुठेतरी विसरून ठेवल्यासारखा. शरयूनं मिक्सर बंद केला.

"काकू, वाटीत काही नाही."

"आहे की," काकू म्हणाल्या. फक्त डावी बाजू म्हणाली. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती. "दाणे आहेत. बिनदाण्याचे."

डोक्यात रक्ताची गुठळी अडकली की पहिल्या तासात सगळं ठरतं, एवढं शरयूला इस्पितळांत आयुष्य घालवल्यामुळे माहीत होतं. काकूंचं वजन तिच्या दुप्पट. लिफ्ट बंद. तिनं त्यांच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं, काकू तसूभरच हलल्या. रुग्णवाहिकेचा नंबर लावला, पत्ता सांगितला. मनगटातून गोड आवाज आला. "मदत मागितली. उणे सहा. आपली सरासरी आता चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा आहे."

झालं. उद्या सकाळी गाडी. नंबर असलेला पलंग. दुसऱ्याच्या हातातली वेणी.

पण रुग्णवाहिका खाली येऊन उपयोग काय, दोन मजले काकूंना उतरवणार कोण? शरयू जिन्याच्या तोंडाशी गेली आणि छाती भरून श्वास घेतला.

मागून काकूंचा आवाज आला, अर्ध्या तोंडाचा. "हळू, पोरी. जावई ऐकतोय."

"ऐकू दे," शरयू म्हणाली, आणि हाक मारली.

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. उणे दोन. तिनं पुन्हा हाक मारली, चौथ्यावरचं उघडलं. उणे दोन. ती खाली वाकून तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याला ओरडली, उणे दोन, त्याच्या बायकोला ओरडली, उणे दोन. चपलांचे आवाज वर-खाली धावू लागले, कोणीतरी खुर्ची आणली, कोणीतरी चादर. उलगडली तेव्हा तिच्यावर मोर होते, आणि एवढ्या धांदलीतही शरयूनं बघून घेतलं, सगळ्यांना डोळे होते. चौघांनी चार टोकं धरली. ती रडत होती, अडखळत होती, एका पायरीवर दोनदा पाय ठेवत होती, भीतीनं तिचे दात वाजत होते, आणि एका हातात वाटी तशीच होती.

"आपण आदर्श दिवसापासून फार दूर आहात," कडं म्हणालं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शरयूला त्याचं म्हणणं पटलं.